सोनेरी मासा का मरतो?

आमच्या भिवंडीत आता चाळीतल्या आणि झोपडपट्टीतल्या घरांतही काचेची माशांची टाकी दिसते. दहा बाय बाराची खोली, एका भिंतीला तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्याखाली टीव्ही आणि टीव्हीच्या शेजारी फळीवर टाकी. मुलाने हट्ट धरलेला असतो, बापाने पगाराच्या दिवशी तो पुरवलेला असतो. टाकीत दोन-चार सोनेरी मासे, म्हणजे गोल्डफिश. पहिले दोन दिवस शेजारपाजारची मुले टाकीपुढून हलत नाहीत. आठवडा-दहा दिवसांनी एक मासा तिरपा पोहू लागतो आणि एका सकाळी पोट वर करून तरंगताना दिसतो. मूल रडते. मग घरातले कोणीतरी जाणते माणूस म्हणते, "रडू नको बाळा, घरावर काहीतरी येणार होते, ते माशाने आपल्यावर घेतले."

हे वाक्य आम्ही अनेक घरांत ऐकले आहे. कर्मकांड सोडलेल्या घरांतही ऐकले आहे. ते बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, मुलाची समजूत काढायची असते. पण त्याचा परिणाम वाईट होतो. माशाने संकट घेतले असे एकदा ठरले की टाकीतल्या पाण्याकडे कोणी पाहतच नाही. त्याच पाण्यात पुढचा मासा सोडला जातो आणि तोही मरतो. शिवाय वास्तुशास्त्राच्या नावाने सल्ले विकणारे आहेतच. आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे अमुक दिशेला ठेवा, बरकत येईल, म्हणून सांगतात. छोट्या टाकीत नऊ गोल्डफिश ठेवले तर कोणाची बरकत होते? मासे विकणाऱ्याची, कारण तुम्ही दर पंधरवड्याला त्याच्याकडे जाता.

तेव्हा प्रथम हे स्पष्ट सांगितले पाहिजे की सोनेरी मासा हा आठवड्याभरात मरणारा जीवच नव्हे. नीट सांभाळला तर तो दहा-पंधरा वर्षे सहज जगतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला टिश नावाचा एक मासा १९९९ पर्यंत, म्हणजे ४३ वर्षे जगला. तुमच्या घरी बालवाडीतल्या मुलासाठी आणलेला मासा त्या मुलाची बारावी पाहू शकतो. मग तो दहा दिवसांत का जातो? बहुतेक वेळा तो स्वतःच्या मलमूत्राच्या विषाने मरतो, आणि ते विष साठू देणारे आपण असतो.

हा मासा मूळचा चीनमधला. नदी-तळ्यात राहणारा, करड्या-हिरवट रंगाचा, आपल्या रोहू-कटल्याच्या जातकुळीतला. त्यांच्यात कधीतरी एखादा निसर्गतःच तांबडा-सोनेरी निपजे. चीनमधल्या बौद्ध विहारांत पकडलेले जीव न मारता तळ्यात सोडून देण्याची प्रथा होती. अशी वेगळ्या रंगाची मासळी त्या तळ्यांत सोडली जाई आणि तिला कोणी खात नसे. साधारण हजार वर्षांपूर्वी, सुंग राजवटीच्या काळात, हांगचौ शहराच्या परिसरातल्या विहारांची अशी तळी प्रसिद्ध होती. तिथे शत्रू नाही, जाळे नाही, म्हणून रंगीत मासे टिकले, वाढले. पुढे हौशी लोकांनी ते मातीच्या कुंड्यांत पाळायला घेतले, निवडून निवडून पैदास केली आणि लांब शेपटीचे, बटबटीत डोळ्यांचे, डोक्यावर गाठींची टोपी असलेले प्रकार तयार झाले. सोळाव्या शतकात ते जपानला गेले, सतराव्या शतकात युरोपात. आज दुकानात मिळणारे ओरांडा, रिउकिन, लायनहेड, ब्लॅक मूर हे सारे त्याच एका जातीचे मासे. करुणेपोटी जपलेल्या माशाची ही संतती आहे, हे आमच्या वाचकांना ठाऊक असावे म्हणून मुद्दाम सांगितले.

आता विषाचा हिशेब सांगतो.

मासा खातो, तेव्हा त्याच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो. बराचसा कल्ल्यांतूनच पाण्यात जातो. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजली की त्यातूनही अमोनिया होतो. सार्वजनिक मुतारीत डोळ्यांना झोंबणारा जो वास येतो, तोच हा पदार्थ. टाकीत त्याचा वास येईपर्यंत वाट पाहिली तर मासा राहत नाही, इतके त्याचे थोडे प्रमाणही घातक असते. त्याने कल्ले भाजतात, मासा वर येऊन तोंड उघडझाप करतो, तळाशी गप्प बसतो, अंगावर लाल रेषा उमटतात. पाणी दिसायला मात्र काचेसारखे स्वच्छ असते. घोळ इथेच होतो. आपण म्हणतो, पाणी तर स्वच्छ आहे, मग मासा मेला कसा?

नदीत किंवा तळ्यात हा अमोनिया साठत नाही, कारण तिथे काही उपयोगी जिवाणू असतात. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट तितके घातक नाही, पाणी थोडे थोडे बदलत राहिले की त्याचा निकाल लागतो. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, ते फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर बुळबुळीत थर करून राहतात. नव्या टाकीत ते नसतातच. त्यांची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मासा आठव्या-दहाव्या दिवशी का मरतो, ते आता लक्षात आले असेल. टाकी नवी, जिवाणू नाहीत, मासे चार, आणि घरातला प्रत्येक जण कौतुकाने खाणे टाकतोय.

यावर एक फुकटचा उपाय आहे. ज्यांच्या टाकीत मासे वर्ष-सहा महिने धडधाकट आहेत, अशा शेजाऱ्याकडून त्यांच्या फिल्टरमधल्या जुन्या स्पंजचा तुकडा मागून आणावा. ओलाच आणावा आणि लगेच आपल्या फिल्टरमध्ये बसवावा. दह्याला विरजण लावतो तसेच हे. तरीही सुरुवातीला एकच मासा ठेवावा, खाणे अगदी कमी द्यावे आणि पहिला महिना दर दोन दिवसांनी चौथाई पाणी बदलावे.

आणि आता आमच्या वस्त्यांत सर्रास होणारी गोष्ट. कारखान्याला शुक्रवारची सुट्टी असते. त्या दिवशी घरधनी उत्साहाने टाकी साफ करायला काढतो. मासे बादलीत, पाणी सगळे गटारात, खडे साबणाच्या पाण्यात, स्पंज नळाखाली धरून पांढराशुभ्र होईपर्यंत पिळलेला. टाकी नव्यासारखी चकचकीत होते, आणि ती खरोखरच नवी होते! महिनाभर बसवलेली जिवाणूंची वस्ती एका सकाळी धुऊन निघाली. आमच्या मते मासे मारणाऱ्या कारणांत ही सफाई पहिल्या क्रमांकावर आहे. टाकी कधीही पूर्ण रिकामी करू नये. साबण, सोडा, ब्लीचिंग पावडर तिच्या जवळही नेऊ नये. आठवड्यातून एकदा नळीने तळाचा गाळ ओढत चौथाई पाणी काढावे. त्याच काढलेल्या पाण्यात स्पंज दोन-तीनदा दाबून घ्यावा, मळकट राहिला तरी चालेल. काढलेले पाणी गटारात न ओतता कुंडीतल्या मोगऱ्याला, कढीपत्त्याला घालावे. झाडांना ते खतच आहे.

पाणी कोण भरते?

भिवंडीत पाण्यावर लेख लिहायचा आणि हे विचारायचे नाही, हे बरोबर नाही. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळी येते, कुठे पहाटे, कुठे मध्यरात्री. कुठे टँकर, कुठे बोअर. आणि ते भरते घरची बाई किंवा शाळेत जाणारी मुलगी. टाकीची हौस बापलेकाची आणि हंडा मात्र आईच्या कमरेवर, असे होणार असेल तर टाकी आणूच नये असे आमचे मत आहे. आधी हिशेब करा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकी म्हणजे अडीच घनफूट. एका घनफुटात २८ लिटरहून थोडे अधिक पाणी मावते, म्हणजे काठोकाठ ७० लिटर. खडे आणि वरची मोकळी जागा सोडली तर ६० लिटर. यात लांब शेपटीचे, गोल अंगाचे दोनच गोल्डफिश ठेवावेत. तिसरा नको. आठवड्याला चौथाई पाणी बदलायचे म्हणजे १५ लिटर, साधारण एक हंडा. तो एक हंडा हौस करणाऱ्याने स्वतः भरावा. शिवाय पाणी, काच आणि खडे मिळून वजन ८५ किलोच्या आसपास जाते, तेव्हा भिंतीला ठोकलेली फळी चालणार नाही. खाली भक्कम लोखंडी घोडा हवा.

गोल काचेचे भांडे मात्र कोणी भेट दिले तरी त्यात मासा ठेवू नये. पाणी थोडे, हवेला लागणारा पृष्ठभाग थोडा, फिल्टर बसत नाही. इटलीत रोम शहराच्या पालिकेने २००५ साली अशा गोल भांड्यात मासे ठेवायला बंदीच घातली.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. माणसाच्या रोगजंतूंसाठी तो घातलेला असतो, पण माशाचे कल्ले आणि आपले उपयोगी जिवाणू दोन्ही त्याने मरतात. पसरट टपात पाणी २४ तास उघडे ठेवले की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात अँटिक्लोरीनचे थेंब मिळतात. ते बाटलीवर लिहिले असेल तेवढेच घालावेत. टपावर जुन्या साडीचे कापड बांधावे, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतो, ते जड असले तरी गोल्डफिशला जड पाणी मानवते. मात्र त्यात हवा कमी असते, म्हणून एका बादलीतून दुसऱ्या बादलीत उंचावरून चार-पाचदा ओतून घ्यावे. यंत्राने गाळलेले आरओचे पाणी 'शुद्ध' म्हणून कोणी घालू नये. त्यातले क्षार निघून गेलेले असतात आणि माशाला ते हवे असतात.

आता खाण्याविषयी. गोल्डफिशला आपल्यासारखे जठर नसते. अन्न साठवायची सोयच नाही, म्हणून तो सतत काहीतरी शोधत असतो आणि माणूस जवळ आला की काचेकडे धावतो. आपल्याला वाटते, उपाशी आहे बिचारा. आमच्या घरांत पाळ्या असतात. रातपाळी करून आलेला बाप सकाळी चिमूटभर टाकतो, मुलगा शाळेला जाताना टाकतो, आजी दुपारी पोळीचा कुस्करा टाकते, संध्याकाळी पाहुणे आले की त्यांच्यासमोर पुन्हा. कोणालाच माहीत नसते की आधी कोणी टाकले. यावर साधी युक्ती अशी : औषधाच्या बाटलीचे एक झाकण घ्या, दिवसाचे खाणे सकाळीच त्यात काढून ठेवा. झाकण रिकामे झाले की त्या दिवशी संपले. दिवसातून दोनदा, आणि दोन मिनिटांत फस्त होईल तेवढेच. पाव, बिस्किट, पोळी, फरसाण अजिबात नको, ते फुगते आणि कुजते. गोल अंगाच्या जातींना दाणे टाकण्याआधी मिनिटभर पाण्यात भिजवावेत. मासा उलटा तरंगू लागला तर तो मेला असे समजून फेकू नका. पुष्कळदा पोट गच्च झालेले असते. एक-दोन दिवस उपास आणि मग उकडून साल काढलेला मटार दिला की बरेच मासे सरळ होतात.

गोल्डफिशला तीन सेकंदांपलीकडे काही आठवत नाही, असे मुले म्हणतात. ते खोटे आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात १९६०च्या दशकात स्मरणशक्तीवरचे महत्त्वाचे प्रयोग याच माशावर झाले. खाणे घालणारा माणूस तो ओळखतो, हे टाकी असलेल्या कोणालाही विचारा.

भिवंडीच्या हवेत काही गोष्टी अधिक सांभाळाव्या लागतात. यंत्रमागाच्या कारखान्याला लागून घर असेल तर कापसाचे बारीक तंतू उडत येऊन टाकीच्या पाण्यावर साय धरतात. त्या सायीमुळे हवा पाण्यात मिसळत नाही. टाकीला जाळीचे झाकण करावे आणि सकाळी जुन्या वर्तमानपत्राचा कागद पाण्यावर टेकवून उचलावा, साय कागदाला चिकटून येते. मागाच्या हादऱ्यांची भिंत असेल तर टाकी त्या भिंतीपासून दूर ठेवा. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक रेषा असते, तिने त्याला पाण्यातला बारीकसा धक्काही कळतो.

उन्हाळा हा खरा कठीण काळ. गोल्डफिश थंड पाण्यातला मासा, १८ ते २४ अंश त्याला सुखाचे. पत्र्याच्या घरात मे महिन्यात पाणी तिशीच्या वर जाते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम मावत असेल तर ३० अंशांना साडेसातच. आणि नेमकी तेव्हाच माशाची गरज वाढते, अमोनियाही जास्त बाधतो. अशा दिवसांत खाणे निम्मे करावे, टाकीच्या बाहेरून ओला पंचा लावावा, टाकीवर पंख्याचा वारा येऊ द्यावा आणि हवेचा पंप बंद करू नये. पाण्यात बर्फ टाकू नये, एकदम थंड केलेल्या पाण्याचा माशाला धक्का बसतो.

पंप रात्रंदिवस चालू ठेवायचा म्हटले की विजेच्या बिलाची भीती वाटते. फिल्टर आणि हवेचा पंप मिळून १० वॅट धरले तर दिवसाला २४० वॅट-तास, महिन्याला सव्वासात युनिटच्या आत. बिल वाचवायला रात्री पंप बंद करणारे फिल्टरमधल्या जिवाणूंचा श्वास कोंडतात. वीज गेलीच तर दर अर्ध्या तासाने मगाने पाणी उचलून उंचावरून टाकीत ओतावे. हवेचा पंप नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे येऊन पंपात आणि तिथून बोर्डात जाते. टाकीत हात घालण्याआधी प्लग काढायचा, हे मुलांना दरडावून सांगा.

आणखी एक, फारसे कोणी न सांगणारे. डास-झुरळे मारण्याचे फवारे आणि डास पळवणाऱ्या यंत्रातले औषध माणसाला फारसे बाधत नसले तरी माशांना जबरदस्त विषारी असते, आणि हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. पालिकेची धूर फवारणी गल्लीत आली की पंप अर्धा तास बंद करा, टाकीवर प्लॅस्टिक अंथरा, धूर गेल्यावर दारे-खिडक्या उघडून मगच पुन्हा चालू करा. फवारणीला विरोध करू नका, डेंग्यू माशापेक्षा वाईट.

मासा कुठून आणावा? भारतातले बरेचसे शोभेचे मासे चेन्नईजवळच्या कोलातूर भागातून आणि कोलकात्याकडून येतात. प्राणवायू भरलेल्या पिशवीतून लांबचा प्रवास करून, मुंबईच्या महात्मा जोतिबा फुले मंडईसारख्या बाजारांतून ते आपल्या गावच्या दुकानात पोचतात. थकलेले असतात. दुकानात त्याच टाकीत एखादा मेलेला मासा दिसला तर त्या टाकीतून घेऊ नका. पंख मिटून बसलेला, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असलेला घेऊ नका. घरी आणल्यावर पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवा, मग पिशवीत थोडे थोडे टाकीचे पाणी घाला आणि शेवटी मासा तेवढा टाकीत सोडा, पिशवीतले पाणी ओतून द्या.

पांढरे ठिपके आलेच तर घाबरू नये. तो एक परजीवी आहे. साधे खडे मीठ लिटरमागे दोन ग्रॅम, म्हणजे २० लिटरच्या टपात ४० ग्रॅम, दिवसभरात तीन वेळा विभागून विरघळवून घालावे आणि हवेचा पंप लावून मासा आठ-दहा दिवस त्यात ठेवावा. जेवढे पाणी बदलाल तेवढ्याच पाण्यापुरते मीठ पुन्हा घाला. माणसाची टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकीत टाकायची पद्धत फार बोकाळली आहे, ती बंद करावी. पांढऱ्या ठिपक्यांवर तिचा उपयोग नाही, आणि अशा औषधाने फिल्टरमधले चांगले जिवाणूही मरू शकतात. मासा कोणत्याही कारणाने मलूल दिसला तर पहिले औषध एकच : तिसरा हिस्सा पाणी बदला आणि खाणे बंद करा.

काही जण कंटाळून मासे वऱ्हाळा तलावात नाहीतर कामवारी नदीत सोडतात आणि जीवदान दिले असे समजतात. चीनच्या विहारांनी मासे सोडले ते त्यांच्याच पाण्यातले होते. आपल्याकडे तो परका आहे. तो तळ ढवळतो, स्थानिक माशांची अंडी खातो, रोग पसरवतो. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या बर्न्सव्हिल गावच्या तळ्यात २०२१ साली फुटबॉलएवढे गोल्डफिश सापडले. लोकांनी घरचे मासे सोडले होते. नको झाले तर दुसऱ्या हौशी घराला द्या, शाळेला द्या, दुकानदारालाच परत द्या.

दसऱ्याला नागपूरला किंवा ६ डिसेंबरला दादरला जाणारी मंडळी विचारतात, घर बंद करून गेलो तर माशांचे काय? मोठा निरोगी गोल्डफिश आठवडाभर खाण्याशिवाय आरामात राहतो. निघण्याच्या दोन दिवस आधी चौथाई पाणी बदला, निघताना खाणे टाकू नका, पंप चालू ठेवा, दिवा बंद करा. किल्ली शेजारच्या ताईंकडे द्या आणि त्यांना सांगा की दिवसातून एकदा फक्त बुडबुडे येताहेत का ते पाहा. खाण्याचा डबा मात्र कपाटात ठेवून कुलूप लावा, नाहीतर ताईंना माशांची दया येईल.